मंगळवारी सुटणाऱ्या गाड्या

शिलाई मशीनखाली कातरण साचतं, तसे किस्से साचतात. कोणी मुद्दाम जमा करत नाही. एक दिवस झाडू मारायला घ्यावा तर टोपलंभर निघतात! मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, बोलायलाही सावकाश. तरी चार जण जमले की म्हणतात, "मनोहरभाऊ, गॅरेजची गोष्ट होऊन जाऊ द्या."

वर्ध्याला नागपूर रोडवर गुलाबभाऊंचं गॅरेज होतं. लोक जीप, पिकअप, पुढे पुढे त्याहून मोठ्या गाड्या आणायचे आणि आपल्या मनासारख्या करून न्यायचे. गाडी कोणती घ्यावी हेही तिथेच विचारायचे. वेल्डिंगला रशीदभाई, सीटा शिवायला मी. राहायला मी पवनारला, येणंजाणं बसने.

*

अल्लीपूरचे एक कास्तकार पिकअप घ्यायला आले. अंगणात दोन जुन्या पिकअप उभ्या होत्या. गुलाबभाऊ इंजिनाबद्दल सांगत होते, पण यांचं लक्षच नाही. शेवटी म्हणाले, "मले काय सांगता? ज्याले बसाचं हाय त्याले आनतो."

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीतून बैल घेऊन हजर! शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा बैल, नाव चांद्या. पहिल्या पिकअपला फळी लावली. चांद्याने पत्र्यावर एक पाय ठेवला, तो सरकला. पाय काढून घेतला तो घेतलाच. दुसरीच्या तळाला मी जाड रबर अंथरून दिलं. त्याने वास घेतला, वर चढला, गोल फिरला आणि भरपूर शेण टाकलं.

गुलाबभाऊंनी डोक्याला हात लावला. कास्तकार खुश!

"घ्या भाऊ, त्यानं बयाना देल्ला!"

*

हिंगणघाटचे एक धान्याचे व्यापारी होते. त्यांना घरच्यांसाठी जीप लांब करून हवी होती. सीट शिवण्याआधी सगळ्यांना बसवून बघायची माझी पद्धत. सांगाड्यात बाकडी टाकली आणि जो बसेल त्याच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारली. त्यांची आई बसली, बायको बसली, दोन सुना, नातवंडं, एक आत्याही. खडू संपला, जागाही संपली. शेटजी खालीच उभे!

"शेटजी, तुम्ही?" मी विचारलं.

"अरे, मी कुठे जातो? मी तर दुकानात असतो. यांना फिरता आलं म्हणजे झालं."

मला राहवलं नाही. अगदी मागे, दरवाज्याजवळ एक छोटी घडीची सीट बसवून दिली. पुढे एकदा दिसले. मी म्हटलं, "शेटजी, मालक तुम्ही, आता तरी पुढे बसत जा."

"नाही रे बाबा. पुढे बसलो तर रस्ता दिसते. मागे बसलो तर सारं घर दिसते!"

*

माझी बायको रुखमा कडब्याच्या गंजीवरून पडली, ते त्याच सुमाराला. कंबरेला मार बसला, पाय उचलेनात. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "चालतील. पण दर मंगळवारी आणलं पाहिजे. खंड पडला तर पाय आखडतील." तिला बसता येत नव्हतं, बसची पायरी तर लांबच राहिली. ती पडल्या पडल्या म्हणायची, "उठली तर गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवर माह्या पायानं चढीन." मी मान हलवायचो. दवाखान्यात कसं न्यायचं तेच मला कळत नव्हतं.

मी काम सोडायचं म्हणून गुलाबभाऊंपुढे उभा राहिलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "मंगळवारी एका जीपचा ट्रायल हाय. कुठं खडखड होते का, ते ऐकाले मांगं कोनी पाह्यजे. आमचे कान ग्राइंडरनं गेले. वहिनीले निजव मांगच्या सीटवर. येता-जाता दवाखानाबी होऊन जाईन."

रुखमाला वाटलं, खरंच काम दिलं. ती डोळे मिटून, कान देऊन पडून राहिली. वर्धा आल्यावर म्हणाली, "डाव्या दरवाज्यात चिमनी बसली हाय."

रशीदभाईंनी दरवाजा उघडून पाहिला. एक स्क्रू ढिला, चिवचिव करत होता!

*

मग ती तिची नोकरीच झाली. दर मंगळवारी एक गाडी. दुखऱ्या कंबरेला बारीकसा दणकाही कळतो, तिला तर सगळंच कळायचं. "उजवीकडचा स्प्रिंगचा पाटा कडक हाय." "मांगं कोनीतरी मूग चाळून राह्यलं."

एकदा म्हणाली, "दरवाज्यात लोखंड घरंगळते." दरवाज्याचा आतला पत्रा काढला, तर रशीदभाईंचा हरवलेला पाना! त्या पान्यापायी त्यांनी गॅरेजातल्या सगळ्यांशी अबोला धरला होता. त्यांनी पाना कपाळाला लावला.

"वहिनी, माहं लायसनबी हरवलं हाय. एखाद्या मंगळवारी तेबी पाहून द्या!"

गिऱ्हाइकं आता किंमत विचारायच्या आधी विचारायची, "वहिनीनं पास केली का?"

*

एका तरुण पुढाऱ्याने गाडी उंच करून घेतली. मोठे टायर, वर टपावर दिवे. म्हणायचा, "लोकायनं मान वर करून पाह्यलं पाह्यजे!"

मंगळवारी ती गाडी आमच्या दारात आली. रुखमा तोवर धरून धरून उभी राहू लागली होती. तिने गाडीकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "हे बसाची हाय का चढाची?"

रशीदभाईंनी त्याच दिवशी डाव्या बाजूला खाली झुलणारी लोखंडी पायरी जोडली. पुढारी चिडला. "माह्या गाडीची शान घालवली!" गाडी तशीच घेऊन गेला.

आठ दिवसांनी परत आला. मान खाली.

"भाऊ, उजव्या बाजूनंबी लावून द्या. आई म्हनते, मी काऊन फिरून जाऊ?"

*

एका शुक्रवारी गाडी पुरी झाली, तरी गुलाबभाऊंनी तिच्यावर ताडपत्री टाकली. मालक हुज्जत घालू लागला. "तयार हाय तर देत काऊन नाई?"

"मंगळवारी सुटलेल्या गाडीले नजर लागत नाई, बाप्पा. सारा वर्धा मानते."

मी मशीनवर होतो. माझी सुई थांबली. इतके महिने सगळ्या गाड्या मंगळवारीच कशा तयार होतात, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मी उठून त्यांच्यासमोर गेलो. काय बोलावं ते जुळवत राहिलो. जुळेस्तोवर ते समोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन परतसुद्धा आले!

"काही म्हनत होता का?"

"नाई."

"मंग टाके घाल."

*

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता यायची गरज नाही." रुखमा काठी टेकत चालत होती.

पुढच्या मंगळवारी मी बससाठी निघालो, तर दारात हॉर्न. पांढरी, मोठी, नवी गाडी. स्टिअरिंगवर गुलाबभाऊ, मागे रशीदभाई आणि गाडीचे मालक. मालक गिरडचे.

मी म्हटलं, "गुलाबभाऊ, दवाखाना तर बंद झाला."

"दवाखाना बंद झाला, गॅरेज कुठं बंद झालं? गाडी गिरडले पोचवाची हाय. आवाज कोन ऐकन, तू?"

मालकही म्हणाले, "वहिनीनं पास केल्याबिगर मी गाडी घरी नेत नाई!"

रुखमाने नवं लुगडं नेसलं. सवयीने मागच्या दाराकडे गेली, तर गुलाबभाऊंनी पुढचं उघडलं. "आज मांगं तुहा नवरा बसन." तिने पायरीवर पाय ठेवला आणि कोणाचा हात न धरता चढली.

मी सगळ्यात मागे बसलो. जाम गेलं, समुद्रपूर गेलं. ती मान तिरकी करून ऐकत होती. "काहीच नाई. चांगली हाय गाडी."

मग समोर टेकडी दिसली. तिने हात जोडले.

"थांबवा," ती एकदम म्हणाली. "मांगून आवाज येऊन राह्यला. बारीक."

गाडी थांबली. रशीदभाई उतरले. दरवाजे हलवून पाहिले, स्टेपनी ठोकून पाहिली, खाली वाकून पाहिलं. "काही नाई, वहिनी."

"हाय. थांबून थांबून येते."

गुलाबभाऊंनी मागे वळून पाहिलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डोळे पुसायला माझ्या मांडीवर फेकला.

"रशीद, बस आतमधी. गाडी पास हाय!"