आखाडा बाळापूरची फुकट मोटर

नांदेड स्टेशनावर उतरले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. आदल्या दिवशी सुनंदाचा फोन आला होता. "तू फिजिक्स शिकवलंस ना गं? मग आजच्या आज निघ. आमचे हे गिरणीचं मीटर काढून टाकायला निघालेत. उद्या दुपारी वायरमन येणार."

सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. आखाडा बाळापूरला गावाबाहेर तिची पिठाची गिरणी आहे. नवरा भगवानराव बाजारात मोटरी भरतात (जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देतात). त्यांनी म्हणे अशी मोटर केली होती, जी जितकी वीज खाते त्याहून जास्त देते. एकदा मीटर गेलं की परत मिळवताना नाकी नऊ येतात, आणि घर तर गिरणीवर चालतं. निवृत्त झाल्यावर मराठवाडा बघायचा म्हणत होते, तर हे निमित्त!

हिंगोलीकडची एसटी मिळाली. वारंगा फाट्यावर गाडी थांबली आणि तिथली खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये असं शेजारच्या बाईंनी बजावलं, म्हणून उतरले. खिचडी झकास होती. मिरची चावताच डोळ्यांत पाणी आलं आणि नेमकी तेव्हाच गाडी हलली. हातात द्रोण घेऊन धावले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खिचडी कुठं पळून जाऊन राहिली का?" मी उभ्यानेच द्रोण संपवला.

दोन्ही अंगाला तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली. मधूनच हळदीचा हिरवा पट्टा, मग पुन्हा तूर. हवेत गारवा होता आणि डोकं जरा शांत झालं.

सुनंदा स्टँडवर आली होती. "जय भीम" म्हणाली आणि थेट जेवायला बसवलं. भाकरी आणि सोल्यांची आमटी (सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे). मी बोटं चाटत होते आणि ती सारखी दाराकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. विचारलं तर म्हणाली, "आधी गिरणीत चल."

गिरणीत ज्वारीचे डबे रांगेला लागले होते, पण दळण बंद. मधोमध भगवानरावांची मोटर. ती एक भलंमोठं जड चाक फिरवत होती, चाकावरून पट्टा एका लहान पुलीवर आणि पुलीमागे जनरेटर. वर चार बल्ब लखलखत होते.

"बघा ताई," भगवानराव म्हणाले. "मोठ्या चाकाचा एक फेरा, लहानाचे चार. चौपट झाली का न्हाई?"

"फेरे चौपट झाले भाऊजी. जोर पावपट झाला."

"जोर कुनी पाहिला? फेरे तर दिसून राहिले!"

इथे त्यांचं घोडं अडलं होतं. आयुष्यभर मोटरी दुरुस्त केल्या, चांगली-वाईट ठरवली ती फिरण्यावरून. जोरात फिरते ती दमदार. वीस वर्षं वर्गात शिकवलेलं सगळं मी ओतलं. ते मान हलवत ऐकत होते, पण पटल्याचं काही दिसेना. डबा घेऊन बसलेल्या कांताबाई म्हणाल्या, "मॅडम, बल्ब तर लागलेत. मग खोटं काय त्यात?"

"खोटं नाही हो. पण मोटरीला वीज मीटरातनंच येतेय ना? आता तिला त्या जनरेटरची वीज द्या आणि मीटरची वायर काढा. स्वतःचं स्वतः खाऊ दे."

भगवानरावांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत वायरी बदलल्या. चाक फिरतच होतं! कांताबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला अक्षरशः घाम फुटला. मग जड चाकात साठलेला जोर ओसरला, बल्ब पिवळे झाले, लाल झाले आणि चाक हळूहळू थांबलं.

"पट्टा ढिला हाय." त्यांनी पट्टा आवळला, मीटरवर चाक पुन्हा फिरवून घेतलं आणि वायर काढली. या खेपेला आधीपेक्षा लवकर थांबलं. मग पुली बदलली. तीच गत. माझं बरोबर ठरत होतं आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात वायरमन दारात. "काढू का मीटर?"

भगवानराव चाकाला टेकून बसले. "ही लाइन शेतातली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "गिरणी चालायसारखी लाईट निम्मे दिवस रातच्यालाच येती. ही मधरातीला उठून दळून राहिली, वर्सं झाली. हिला एकदा सकाळपस्तोर झोपू द्यावं, म्हणून करून राहिलो होतो."

मला गलबलून आलं. सुनंदा मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "मग रातच्याला तुमीच उठायचं होतं की! मोटर काहून (कशाला) बनवली?"

कांताबाई खो खो हसल्या.  हे भगवानरावांना खरोखरच सुचलं नव्हतं. गिरणी बायकोची, मोटरी आपल्या, अशी त्यांच्या मनात वाटणी पक्की होती.

"मला पीठ बारीक काढता येत न्हाई," ते म्हणाले.

"काढू की नको?" वायरमन वैतागला होता.

"ऱ्हाऊ दे," भगवानराव म्हणाले. "सुनंदा, बारीक पिठाला गिरणीचा दगड कसा आवळायचा ते दाखव."

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत बसले. वाद मी जिंकले होते, पण लाईट काही दिवसा आली नव्हती. जास्तीचं काही कुठून येत नाही, हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आले. सुनंदाला झोप मिळायची तर ती कुणाच्या तरी झोपेतूनच येणार, एवढंच.

पुण्यात पोचल्यावर आठवड्याभराने सुनंदाचा फोन आला.

"अगं, यांनी रात्री सगळ्यांचं पीठ जाडंभरडं काढलं. बायका शिव्या देऊन राहिल्यात."

"आणि तू काय करत होतीस?"

"मी? मी झोपले होते बाई. उन्हं अंगावर आली तरी."