रोवण्यासाठी राखलेल्या गोळ्या

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "लिव. तुले तेवढंच जमते."

आमचं गाव आसगावच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणं उठलं की गुडघे धरतात, मग कंबर, मग छाती. थंड पाण्यात उभं राहिलं की ते हमखास उठतं, आणि रोवणा म्हणजे दिवसभर बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यात वाकून रोपं लावणं. ताई बायांच्या टोळीसोबत रोवण्याचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेते. एक बाई घरी बसली की तिच्या वाटचं बाकीच्यांना रोवावं लागतं. फार वेळा बसली, तर पुढल्या वर्षी तिला कोणी हाक मारत नाही.

नागपूरच्या एका दवाखान्यात तिला विचारलं, सिकलसेलवर नवी गोळी तपासून पाहतो आहोत, भाग घेशील का? तेव्हा मी भंडाऱ्याला फार्मसीला नुकतीच लागले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, म्हणून संमतीचा कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मला अर्धा समजला; सांगितला मात्र पूर्ण समजल्यासारखा. काहींना खरी गोळी मिळेल, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाला कोणती ते कोणालाच कळणार नाही, एवढं मी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे लॉटरीच होय." मी हो म्हटलं.

रोज एक गोळी खायची, वहीत खूण करायची, महिन्याला रिकामी पाकिटं नागपूरला तपासणीच्या मॅडमकडे परत न्यायची. खुणा मीच करायचे, शनिवारी घरी आले की आठवड्याभराच्या एकदम. "टाक खूण," ताई म्हणायची, "रोज खाल्ली."

त्या वर्षी रोवण्यात तिने एकही दिवस चुकवला नाही. घरात सगळ्यांत जास्त मी खूश होते. मग एका सकाळी बांधीवर निघताना तिला कुंकवाच्या जुन्या डबीतून दोन गोळ्या काढताना पाहिलं.

"ह्या कुठून आणल्या?"

"उन्हाळ्यात वाचवल्या. दुखतच नव्हतं, तं कायले खाऊ?"

मला तिचा राग आला नाही. आमच्याकडे चांगली वस्तू हंगामासाठी राखूनच ठेवतात. नवा विळा असो की तूप, कामाच्या दिवसांत काढायचं. ती औषधही तसंच राखत होती.

मी वहीत खुणा करत राहिले. पुढे वर्गात नवं औषध बाजारात कसं येतं ते शिकवलं. आधी प्रयोगशाळा, मग प्राणी, मग थोडी निरोगी माणसं, मग रुग्ण, मग सगळे कागद सरकारकडे. सर म्हणाले, रुग्णाच्या वहीत जे लिहिलं असेल तेच पुढे खरं धरलं जातं. मी मान खाली घातली. त्या वहीतलं अक्षर माझं होतं.

घरी जाऊन ताईला म्हटलं, खरं सांगून टाकू. नाहीतर गोळीबद्दल भलतंच लिहिलं जाईल आणि तुझ्यासारख्या सगळ्यांचं नुकसान होईल.

"अन् मले काढून टाकलं तं?"

"कायले काढतील? उलट मॅडम खूश होतील."

हे मी कशाच्या भरवशावर म्हटलं, मला आजही सांगता येत नाही.

नागपूरला दवाखान्यातल्या बाकावर सिहोऱ्याकडची एक बाई भेटली. तीही याच तपासणीत होती. ताईने तिला डबीचं आणि आज ते आत सांगणार असल्याचं हळूच सांगितलं, तर ती हसली. "मीही वाचवतो वो. सारेच वाचवतात. तू कायले बोलतेस?"

आत गेल्यावर बोलले मीच. डबीसुद्धा टेबलावर ठेवली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, एकदम दोन गोळ्या घेणं धोक्याचं होतं, आता हिला यात ठेवता येणार नाही. या तपासणीच्या आधीपासून घेत होती त्या गोळ्या तेवढ्या चालू ठेवा.

ताईने विचारलं, "हे बाहेर विकत भेटन का?"

"अजून बाजारात आली नाही."

"कधी येईन?"

"काही वर्षं लागतील. कदाचित येणारही नाही."

"मले खरी गोळी होती का खोटी?"

"ते आत्ता आम्हालाही माहीत नाही."

डबी त्यांनी ठेवून घेतली. एसटीत ताई खिडकीकडे तोंड करून बसली.

यंदा रोवण्याच्या चौथ्या दिवशी तिला बांधीतून उचलून आणावं लागलं. टोळीतल्या बाया दोन दिवस पाहायला आल्या, मग कामाला लागल्या. सिहोऱ्याच्या बाईचा फोन आला. तिचं चालू आहे, तिने सगळा रोवणा केला. फोन ठेवल्यावर आईने विचारलं, तिले कसं नाही काढलं वो?

ताई भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिच्या घरी शिकलेलं कोणी नाही."