साडेतीनची हजेरी

राऊटर पुन्हा कोरा झाला होता. सलग दुसरा दिवस. साडेतीनला मी चहाला बाहेर टपरीवर जायचो आणि परत येऊन बघतो तर लॅपटॉपवर तोच प्रश्न: सगळं पहिल्यापासून भरायचं का? सकाळी दिलेलं नावसुद्धा त्याला आठवत नव्हतं.

संपात बंद पडलेल्या लालबागच्या एका गिरणीत नवीन ऑफिस उभं राहत होतं. माणसं आणि कॉम्प्युटर अजून यायचे होते. वरच्या मजल्यावर मी एकटाच. आमचे सामंतसाहेब फोनवर म्हणाले, "विजयकर, परवा चारला क्लायंट येतोय. लिंक डाऊन दिसली तर सोमवारपासून घरीच बस." मी प्रोबेशनवर होतो. माझी झोप उडाली.

राऊटर म्हणजे ऑफिसचं नेटवर्क बाहेरच्या जगाशी जोडणारा डबा. त्याला दिलेल्या सूचना आपण सेव्ह करतो. वीज गेली तरी पुन्हा सुरू होताना तो त्या वाचून घेतो. मी दोन्ही दिवस सेव्ह केलं होतं, अगदी शपथेवर सांगतो.

तिसऱ्या दिवशी चहाला गेलो नाही. राऊटरच्या रॅकसमोर बसून राहिलो. बरोबर साडेतीनला ट्यूब विझली, राऊटरचा पंखा घरघरून थांबला. आणि खालून एका पुरुषाचा आवाज आला. सावकाश, एकेक नाव घेणारा. "साळवी... परब... गावकर..." प्रत्येक नावानंतर तो थांबत होता.

दबकत जिना उतरलो. मेन स्विचच्या दांड्यावर हात ठेवून आमचे म्हातारे वॉचमन तात्या उभे होते.

"तात्या, काय करताय?"

"पाळी बदलतेय." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "मेन पाडायचा, नावं घ्यायची, सगळे साच्यापासून बाजूला झाले की वर करायचा. एकदा मी घाई केली. गावकराचा हात आत होता."

संपाआधी ते याच गिरणीत जॉबर होते, म्हणजे मागावरच्या, त्यांच्या भाषेत साच्यावरच्या, कामगारांचे मुकादम.

"अहो, पण आता ओ कोण देणार?"

"रोज नाय देत," तात्या म्हणाले आणि त्यांनी मेन वर केला.

वीज का जाते ते कळलं. पण राऊटर का विसरतो? वर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. राऊटर सेकंडहँड होता. आधीच्या मालकाचा पासवर्ड मोडताना मीच त्याला सांगितलं होतं, सुरू होताना सेव्ह केलेलं वाचू नकोस. ती सेटिंग परत फिरवायची राहिली होती. गाढवपणा माझाच. ती फिरवली, दोनदा बंद-चालू करून पाहिलं. त्याला नाव आठवलं.

तात्यांचं साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हाताऱ्याला गेटबाहेर काढलं असतं.

क्लायंटच्या दिवशी साडेतीनला मी रॅकमागे हात घालून केबल बसवत होतो. अंधार झाला. साळवी, परब, गावकर, सगळी नावं झाली. मग थोडं थांबून, "विजयकर."

मी हात बाहेर काढला, बाजूला झालो आणि "ओ" म्हणालो.

वीज आली. राऊटर आपणहून उभा राहिला. चारला क्लायंट आला, लिंक बघून खूश झाला. माझी नोकरी टिकली.

संध्याकाळी निघताना तात्यांनी गेटवर थांबवलं. "साहेब, उद्यापास्नं एकेकानं ओ द्या. दोघं एकदम बोललात तर कोण राहिला ते कळत नाय."

मजल्यावर मी एकटाच होतो.

तात्पुरती बदललेली सेटिंग मी आता तिथल्या तिथे कागदावर लिहून ठेवतो. आणि साडेतीनला कुठल्याही मशीनमध्ये हात घालत नाही.