मुद्दा

पक्षकार रडू लागला की आमचे वकीलसाहेब पेनाला टोपण लावून बसत. रडणे ओसरले की टोपण काढत आणि म्हणत, "खरं-खोटं ऱ्हाऊ दे. मुद्दा काय हाय?"

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी कायद्याची पदवी घेतली आणि बेळगावात त्यांच्या हाताखाली लागलो. न्यायालयात तोंड उघडायची मला भीती. त्यांना न बोलणारा सहायक हवा होता. आपणही असे गुरू पाहिले असतील.

एकदा निपाणीहून विड्या वळणारी एक बाई आली. वखारीसमोरच्या मारामारीत नवऱ्याला शिक्षा होऊन तो हिंडलग्याच्या तुरुंगात होता.

"सायेब, त्येंचं एकदा ऐकून तरी घ्या."

"आक्का, ऐकून कुणी सुटत न्हाय," म्हणत साहेबांनी कागद चाळले आणि त्यांचा चेहरा उजळला. पुराव्याबद्दल आरोपीचे म्हणणे घेताना त्याला सारे प्रश्न कन्नडमध्ये विचारले होते. नवरा चंदगडकडचा; त्याला कन्नडचा गंध नव्हता. बाकी सर्वांना दोन्ही भाषा येत असल्याने हे कुणाच्या ध्यानीच आले नाही. त्यानेही, मोठ्यांपुढे उलट बोलू नये म्हणून, प्रत्येक प्रश्नाला अदबीने मान डोलावली होती.

"मास्तर, सोनं हाय हे. बाकीचे मुद्दे खोडा."

"तुरुंगात जाऊन त्याला एकदा भेटू या का?" मी चाचरत विचारले.

"कशाला? त्यानं तोंड उघडलं की मुद्दा बिघडतोय."

अपील धारवाडला उच्च न्यायालयात दाखल झाले. साहेब तो मुद्दा चहाच्या टपरीवर ऐकवत, छाती तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ऐकवत. निकाल आमच्या बाजूने लागला: प्रश्न मराठीत पुन्हा विचारावेत. पण त्याच्या पंधरवडाभर आधीच साहेबांच्या हृदयाने त्यांना मुदतवाढ नाकारली होती.

मग खालच्या न्यायालयात फेरप्रश्नांच्या वेळी मीच उभा राहिलो. सुदैवाने मला बोलावे लागले नाही.

"काठी तुझ्या हातात होती?" न्यायाधीशांनी मराठीत विचारले.

"व्हय. मारणाऱ्याच्या हातनं काढून घेतलीती मी. टाकायच्या आत लोक आले."

आमच्या अपिलाच्या एकाही पानावर हे वाक्य नव्हते. साक्षीदाराची जबानी पुन्हा वाचली गेली. त्यानेही नवऱ्याच्या हातात काठी पाहिली होती, त्याला मारताना पाहिले नव्हते. नवरा सुटला.

नवरा-बायको पेढे घेऊन कार्यालयात आली. हार घातलेल्या फोटोकडे पाहत त्याने विचारले, "हे कोण?"

"तुम्हाला सोडवणारे वकील."

"आमची गाठच न्हाय पडली कधी."

तो फोटोसमोर गेला, हात जोडले आणि वखारीसमोर काय घडले ते साहेबांना पहिल्यापासून सांगू लागला.