खळ्यावरचा गोल्फ

एखादी गोष्ट सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, सलग दीड महिना करण्याचा योग मला आयुष्यात एकदाच आला. ती गोष्ट म्हणजे गोल्फ. खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या मास्तरानं असं म्हणावं याचं कोणालाही नवल वाटेल, म्हणून ते कसं घडलं ते आधी सांगतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि आमचा वाशीम भाग अकोला जिल्ह्यात. आमचं गाव शेलूबाजारपासून दोन कोसांवर. गावाबाहेर सडकेला लागून कापसातली सरकी काढणारा एक जिन होता आणि तिथले इंजिनियर साहेब मुंबईकडचे पारशी होते. वय पन्नाशीपलीकडचं, राहणं एकट्याचं. कापसाचा हंगाम संपून यंत्रं थांबली की साहेब चामड्याच्या लांब पिशवीतून आठ काठ्या काढत आणि रिकाम्या वावरांत गोल्फ खेळत.

गोल्फला हिरवळ लागते असं म्हणतात. आमच्याकडे चैत्र-वैशाखात हिरवं म्हणजे फक्त कडुनिंब. पण साहेबांनी एक गोष्ट हेरली होती. ज्वारीची मळणी झाली की शेणानं सारवलेली खळी तशीच पडून राहतात, गुळगुळीत, आणि मधोमध मळणीचा खुंटा उपटल्याचं भोक असतं. त्या भोकात त्यांनी पत्र्याचा डबा बसवला की झालं. अशी सहा खळी त्यांनी शेतकऱ्यांना विचारून ठरवली होती. एका खळ्यापासून चेंडू मारत निघायचं आणि पुढच्या खळ्यावरच्या डब्यात घालायचा. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला.

शाळेच्या छपराच्या एका कामासाठी मी साहेबांकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी माझ्या हातात काठी दिली. तेव्हापासून दोन उन्हाळे मी दर रविवारी त्यांच्याबरोबर खेळलो. सहा खळ्यांना त्यांना बत्तीस-तेहतीस फटके लागत, मला पंचेचाळीस. कधी सत्तेचाळीस. पंचेचाळीसच्या खाली मी कधी आलो नाही.

एका रविवारी हरल्यावर मी म्हणालो, "साहेब, तुमचं सगळं आयुष्य यात गेलं. मला आठवड्यातून एक संध्याकाळ मिळते. रोज दिवसभर खेळायला मिळालं असतं, तर मीही तुमच्या जोडीला आलो असतो."

साहेब हिंदी-मराठीची खिचडी बोलत. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, ये बात हर कोई बोलतो. करून कोणी बघत नाय. तुमची छुट्टी किती?"

"दीड महिना."

"मी बहिणीकडे मुंबईला चाललो. पिशवी तुमच्याकडे ठेवतो. खेळा दिवसभर. आल्यावर बघू."

बायको त्याच आठवड्यात इंझोरीला माहेरी गेली होती. घरात मी एकटा. शेती भावाकडे होती, मला कुणी विचारणारं नव्हतं. मी वेळापत्रकच आखलं. झुंजूमुंजू झाल्यापासून ऊन चढेपर्यंत वावरात. दुपारी गोठ्यात, सरकीनं भरलेलं पोतं टांगून त्यावर फटके. उन्हं कलली की पुन्हा वावरात.

पहिले दहा दिवस मी हवेतच होतो. पंचेचाळीसचे त्रेचाळीस झाले, मग एक्केचाळीस, आणि अकराव्या दिवशी एकोणचाळीस. मी मनाशी हिशेब मांडला की याच चालीनं साहेब येईपर्यंत मी त्यांच्या पुढे जाणार. त्या दिवशी घरी येऊन मी एकट्यानंच पिठलं-भाकरी केली आणि नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग गाडी अडली. एकोणचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. मी जास्त जोर लावायला लागलो. चेंडू लांब जायचा, पण वाकडा, आणि काळ्या जमिनीला उन्हानं पडलेल्या भेगांत शिरून बसायचा. उलथण्यानं उकरून काढावा लागे. साहेबांनी बारा चेंडू दिले होते, त्यातले पाच भेगांनी गिळले. तळहातांना फोड आले, कंबर धरली. आणि अठराव्या दिवशी, इतकं करून, पुन्हा चव्वेचाळीस.

त्या सकाळी मी चौथ्या खळ्यापाशी शेताच्या धुऱ्यावर बसून राहिलो. ते खळं ज्यांचं, ते काका बैलांना कडबा टाकून आले आणि शेजारी टेकले. माझा उद्योग ते रोज पाहत असत.

"काहून बसले, मास्तर?"

मी त्यांना सगळं सांगितलं. एवढी मेहनत करूनही पुढं सरकत नाही म्हणालो.

काकांनी तंबाखू मळली. "मी चाळीस वर्सं नांगर धरून राह्यलो," ते म्हणाले. "पयल्या साली नांगराचं तास वाकडं यायचं. दुसऱ्या साली सरळ आलं. मंग पुढं सरळच. आता काय हे तास त्याहून सरळ थोडंच होनार हाय? फक्त थकनं कमी झालं. आन् चिडनं."

"म्हणजे माझं एवढंच?"

"थे मले काय ठावं. पन तुमी बैलावानी जोर लावून राह्यले. काठीले जोर लागत असता, तर साहेबानं बैलच ठेवले असते."

मी घरी गेलो आणि दोन दिवस काठीला हात लावला नाही. अंग मोकळं झालं. त्याच वेळी बायको माहेरहून परत आली. माझे हात पाहून तिनं आधी हळद-तेल लावलं आणि मग विचारलं. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "चला, मले दाखवा. असं काय हाय त्या खेळात, पाहू तरी."

संध्याकाळी ती तांब्याभर पाणी घेऊन आमच्याच खळ्यावर आली. सहातलं शेवटचं खळं आमचं होतं. मी लांबून दोन फटके मारले, चेंडू खळ्यावर आला. तिनं मान डोलावली. मग मी डब्यात घालायला गेलो. चेंडू कडेनं निघून गेला. परत लोटला, दुसऱ्या बाजूनं गेला. चौथ्या वेळी आत पडला.

"तितून इतवर यायले दोन," ती म्हणाली, "आन् हाताच्या अंतरावर चार. रोज असंच होते?"

"बहुतेक."

"मंग तुमी पोत्याले कायले मारून राह्यले जी? वेळ तर तुमाले दारात लागते."

 अठरा दिवसांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लांब फटका मारण्यात मजा होती, म्हणून मी तोच घोटत होतो.

ती खाली वाकली आणि खळ्याकडे पाहत म्हणाली, "हे खळं म्या सारवलं. हे सपाट नाई. अवकाळी पानी आलं तर थांबू नये म्हनून डाव्या अंगाले उतार ठेवला." तिनं तांब्यातलं पाणी डब्याच्या वरच्या बाजूला, चेंडू होता तिथं ओतलं. पाण्याची धार सरळ न जाता हळूच डावीकडे वळली. मी त्याच जागेवरून, तेवढं वळण धरून चेंडू जरा उजवीकडे लोटला. तो डब्यापाशी जाऊन थबकला आणि आत पडला.

"आता मले द्या," ती म्हणाली.

इकडे-तिकडे कुणी नाही हे पाहून तिनं पदर खोचला आणि काठी झाडूसारखी दोन्ही हातांत धरली. पहिला चुकला. दुसरा गेला. त्यानंतर तिनं लागोपाठ पाच घातले आणि काठी माझ्याकडे देऊन म्हणाली, "सयपाक पडला हाय."

उरलेले तीन आठवडे मी लांबचे फटके सकाळी थोडा वेळच मारले. बाकी सगळा वेळ खळ्यांवर. रोज एक खळं घ्यायचं, त्याचा उतार पाहायचा, आणि एका जागेवरून शंभर वेळा चेंडू लोटायचा. कंटाळवाणं काम होतं, पण माझी चिडचिड गेली होती. संध्याकाळी ती यायची. दुसऱ्यांची खळी सारवणाऱ्या बायकांना ती ओळखत होती. "ही मोठी घाईची हाय, हिच्या खळ्यावर मधात उंचवटा असनार," असं ती न पाहताच सांगायची, आणि उंचवटा निघायचाच. खेळून झाल्यावर आम्ही खळ्याच्या कडेला बसून बोलत असू. घरच्या रामरगाड्यात आम्हाला बोलायला असा निवांत वेळ लग्नानंतर मिळाला नव्हता.

आकडा हळूहळू उतरला. अडतीस, सदतीस, एकदा पस्तीस.

मृगाला चार दिवस असताना साहेब आले. दुसऱ्या सकाळी आम्ही सहा खळी खेळलो. त्यांनी महिनाभर काठी धरली नव्हती. पहिल्या तीन खळ्यांपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. नंतर ते जरा पुढे सरकले. शेवटी त्यांचे तेहतीस झाले, माझे छत्तीस.

"तीन राहिले," मी म्हणालो.

"नऊ गेले, ते बोला," साहेब म्हणाले. "नऊ घालवायला तुम्हाला दीड महिना. माझे शेवटचे तीन घालवायला मला बारा साल लागले, मास्तर. रोज खेळलो तरी." मग त्यांनी विचारलं, "डब्याजवळ तुम्ही गडबडत होते. ते कोणी सुधारलं?"

मी खरं ते सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले, ओट्यावर बसून चहा घेतला आणि बायकोला दुसऱ्या खळ्याचा उतार कोणत्या अंगाला आहे ते नीट विचारून घेतलं. तिनं दाराआडून, पदर सावरत, व्यवस्थित समजावून सांगितलं.

पाऊस लागला, खळी नांगरली गेली, शाळा उघडली. पुढल्या उन्हाळ्यापासून मी पुन्हा रविवारचाच खेळाडू झालो. सरावाअभावी दोन फटके परत आले आणि अडतीसवर मी जो थांबलो तो साहेबांची बदली होईपर्यंत थांबलो. मला त्याची खंत वाटली नाही. माझ्यात किती आहे आणि कुठे संपतं, ते मी एकदा जाऊन पाहून आलो होतो. त्यानंतर साहेबांना हरवण्याची भाषा मी केली नाही, आणि रविवारची वाट मात्र पहिल्यापेक्षा जास्त पाहू लागलो.