गुरुवारच्या सभेतला नवा माणूस

माझा स्वभाव मुळातच संशयी. ऑफिसात मी तपासणी विभागात होतो, तिथे या स्वभावाचा पगार मिळायचा. घरी बायको म्हणायची, "देवदूत दारात आला तरी तुम्ही त्याचं ओळखपत्र मागाल." अशा माणसाच्या हाती चर्चच्या पाळकांनी बायबल शिकवायचा शिष्यत्व वर्ग दिला, हे त्यांचं धाडसच म्हणायचं. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत दर गुरुवारी संध्याकाळी सहा-सात जण जमत. चटई अंथरायची, एक-दोन गाणी, तासभर शास्त्रवाचन, मग ज्याने त्याने आपली अडचण सांगायची, आणि त्यावर मी सगळ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करायचो. शेवटी चहा.

त्यात एक बाई येत. शेजारच्या सेक्टरात राहणाऱ्या, हिंदू घरातल्या. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात अधिकारी, घरात सासू आणि सहा वर्षांच्या जुळ्या मुली. त्यांच्या मोठ्या आजारपणात माझी बायको उशाशी बसली होती, तेव्हापासून त्या आमच्याकडे येऊ लागल्या. घरी मात्र शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगत. हे खोटं मला खटकायचं, पण पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "भाऊ, घरी कळलं तर मला माहेरी नेऊन सोडतील. मी तिथे आणि मुली इथे. तेवढं सांभाळा." मी शब्द दिला होता.

आणि मग तो आला. जवळच्या रोडपाली गावचा, पन्नाशीचा. जमीन नव्या शहरात गेलेली, आता कंटेनरच्या यार्डात राखणदारी करायचा. सायकल जिन्याखाली लावून वर आला आणि दारातच म्हणाला, "मना कोनी धाडला नाय हां. आमीच आलो."

न विचारता दिलेलं उत्तर! माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवसांत वसाहतीत आमच्याबद्दल कुजबुज चालू होती. ही माणसं बायाबापड्यांना बाटवतात, असं नळावर बोललं जायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गुरुवारी गाणी कसली म्हणता म्हणून दोनदा विचारलं होतं. अशा वेळी एक अनोळखी माणूस येऊन बसतो, तोंडातून अवाक्षर काढत नाही आणि बोललेलं सगळं वहीत लिहून घेतो, याचा अर्थ काय?

तीन गुरुवार मी ताकही फुंकून प्यायलो. चौथ्या गुरुवारी सगळ्यांसमोर वही मागितली. त्याने मुकाट्याने दिली. आत वेड्यावाकड्या अक्षरात फक्त प्रश्न होते. 'शत्रूवर प्रेम. भावकीवर पन काय?' 'शिष्य जाळी टाकून गेले. मग जाळी कोनी घेतली?' प्रत्येकापुढे लिहिलं होतं, इचारायचा हाय. एकही प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचो, ती बघून कोणाची हिंमत झाली असती? पण तेव्हा मला वाटलं, वही मुद्दाम अशी ठेवलेली आहे. खरी वही दुसरी असणार.

त्याच संध्याकाळी गॅलरीतून मी पाहिलं. त्या बाई रस्त्याने चालल्या होत्या आणि वीसेक पावलं मागे तो, सायकलवर न बसता, ती हाताने ढकलत. त्या कोपऱ्यावर वळल्या, तोही वळला. घर शोधून काढतोय, मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "विचारा की त्याला." चोराला कोणी विचारतं का?

काळजीने मला धड जेवण जाईना. रविवारी चर्चमध्ये खुल्या प्रार्थनेची वेळ आली तसा मी उठून उभा राहिलो. आमच्यात प्रार्थना करताना देवाला सगळं तपशीलवार सांगायची पद्धत आहे, जणू त्याला पत्ता ठाऊक नाही. नाव मी घेतलं नाही, तेवढी अक्कल मला होती. "प्रभू, आमच्या त्या भगिनीचं रक्षण कर. तिचा पती बंदरात अधिकारी आहे, पदरात दोन जुळ्या मुली आहेत, सासूच्या धाकाने ती दर गुरुवारी लपून तुझं वचन ऐकायला येते. तिच्या मागावर असलेल्या हेराला तू उघडं पाड." चर्चभर आमेन घुमलं. मला फार हलकं वाटलं.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. सहा वाजून गेले, सव्वासहा झाले. त्यांच्या घरी बरंच काही चाललंय, एवढंच बायकोच्या कानावर आलं होतं. मी सरळ जिना उतरलो. तो सायकलला कुलूप लावत होता. "उद्यापासून नाही, आजपासूनच येऊ नका," मी म्हणालो. "आणि का, ते तुम्हाला माहीत आहे."

तो "बरा," एवढंच म्हणाला आणि कुलूप काढून निघून गेला.

सभा उरकून मी कप गोळा करत होतो तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. चपला बाहेर काढल्या, पण बसले नाहीत. त्या बाईंचे यजमान.

"कोणी सांगितलं ते मला माहीत आहे," मी घाईने म्हणालो. "तो रोडपालीचा माणूस..."

"कोण रोडपालीचा? तुम्हीच सांगितलंत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या ऑफिसातले एक जण तुमच्या चर्चला येतात. त्यांना वाटलं, मला ठाऊकच असेल. सोमवारी डबा खाताना म्हणाले, काल आम्ही सगळ्यांनी वहिनींसाठी प्रार्थना केली. बंदरात अधिकारी, जुळ्या मुली. असे किती जण आहेत हो?"

मी हातातले कप खाली ठेवले.

"शनिवारी तिला माहेरी, कराडला सोडतोय. मुली माझ्या आईजवळ राहतील," ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

शुक्रवारी ऑफिसातून परस्पर रोडपालीला गेलो. तो यार्डाच्या फाटकाशी स्टुलावर बसला होता. मी सगळं सांगून टाकलं, मग न राहवून विचारलंच, त्यांच्या मागे मागे का जात होता?

"तिनंच सांगितलेला. नाक्याला ट्रकवाले उबे असतात ना? बोलली, काका, जरा मागनं या. बाजूनं चाललो असतो तर लोकांनी नावा ठेवली असती."

साप साप म्हणून भुई धोपटत होतो मी, आणि साप माझ्याच तोंडात होता. मला स्वतःची शिसारी आली. माफी मागायला शब्द जुळवू लागलो, तर तो मध्येच म्हणाला, "ता जाऊं द्या. आता तिचा काय व्हनार?"



शनिवारी सकाळी बायको म्हणाली, एसटी स्टँडवर जाऊ. मी नको म्हणत होतो, तिने ऐकलं नाही. कराडची गाडी लागलेली होती. यजमान कंडक्टरशी जागेवरून बोलत होते. त्या खिडकीशी बसल्या होत्या, रडून रडून डोळे सुजलेले. बायकोने खिडकीतून आत हात घातला, तो त्यांनी घट्ट धरला. मी मागे उभा होतो. जवळ जायचं धैर्य होत नव्हतं, तरी गेलो. म्हणालो, "ताई, चूक माझी. त्या काकांनी काही केलं नाही."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. मग वळून दाराकडे पाहिलं. यजमान वर चढत होते. त्या माझ्याकडे वाकल्या आणि घाईघाईने म्हणाल्या, "भाऊ, मुली मला विसरू नयेत एवढी प्रार्थना करा. पण मनातल्या मनात करा."