आधी बरी हो

देवयानी सरपोतदारचं डोकं दुखतं, ही बातमी ओहायोतल्या डब्लिन गावात एकूण एक मराठी घरात पोचलेली होती. लग्न का नाही केलं, याचं उत्तर म्हणून. तिची आई सुमित्राबाई सांगलीहून आली की तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी न विचारता सांगायची, "अर्धशिशी आहे हो तिला. म्हणून तर नाही केलं लग्न. उगाच दुसऱ्याच्या पोराच्या आयुष्याचं वाटोळं कशाला?" बायका चुकचुकायच्या. किती समजूतदार पोर, म्हणायच्या. आणि देवयानीच्या शेजारी ताट घेऊन बसलेल्या सावनीला विचारायच्या, "तू अजून हिची रूममेटच का गं? तुझं काय ठरलं मग?"

"काही नाही ठरलं, काकू," म्हणून सावनी भाताचा मोठा घास तोंडात कोंबायची, म्हणजे पुढचं बोलावं लागू नये.

म्हणे रूममेट! चाळिशी ओलांडलेल्या, दोघींच्या नावावर घर असलेल्या, एका पलंगावर झोपणाऱ्या आणि भांडण झालं की दोन-दोन दिवस तोंड फिरवून बसणाऱ्या बायका जर रूममेट, तर नवरा-बायको तरी आणखी वेगळं काय करतात? पण मंडळात असलं काही विचारायचं नसतं. तिथे वडे घ्यायचे असतात, चटणी मागायची असते.

दुखणं खोटं होतं असं मात्र नाही हं. महिन्यातले निम्मे दिवस त्यात जायचे. आधी डाव्या डोळ्यापुढे नागमोडी, चकचकणारी रेघ यायची, मग त्या बाजूचं डोकं कुणीतरी आतून उलथन्यानं खरवडायला लागायचं. मग उलट्या. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच नको. ती एका विमा कंपनीत नोकरीला होती. तिथला मॅनेजर गोड हसून म्हणायचा, "माझंही दुखतं डोकं, मी कॉफी घेतो." घे बाबा, घे. इमर्जन्सीत गेलं की नर्स विचारायची, दहापैकी किती दुखतंय? ही घरच्या वळणाप्रमाणे हळू आवाजात "नऊ" म्हणायची, आणि नर्स तिच्याकडे एकदा बघून चार लिहायची. सावळी बाई ओरडली तर तमाशा करते, नाही ओरडली तर तिला दुखतच नाही. तिसरं काही त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. वर सावनीकडे बघून "बहीण का?" पार्टनर म्हणून सांगितलं तरी शिफ्ट बदलली की नवी नर्स पुन्हा "तुमच्या बहिणीला जरा बाहेर बसू दे." गोऱ्यांना बहीण, आपल्यांना रूममेट. सावनी अमरावतीची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "यार, बायको सोडून सगळी नाती झाली माझी."

आईला माहीत नव्हतं असंही नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी देवयानीनं सांगलीच्या घरी, आई भाजी निवडत असताना, सगळं सरळ सांगून टाकलं होतं. आई मेथीची पानं खुडतच राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, "डोक्याचंच आहे हे सगळं. आधी बरी हो. बरी झालीस ना, की मी स्वतः सांगेन सगळ्यांना. ताठ मानेनं सांगेन."

देवयानीनं तो शब्द जपून ठेवला. वेडी कुठली! आई म्हणाली म्हणून तिनं पहाटे उठून दुधात जिलबी बुडवून खाल्ली, कपाळाला सुंठेचा लेप लावला, नाकात तूप सोडलं. शिवाय इथल्या डॉक्टरांच्या एकामागून एक गोळ्या, त्यातल्या एकीनं केस गळले, दुसरीनं बोलताना शब्द आठवेनात. आई आली की अटॅकच्या वेळी खोलीच्या दारात उभी राहायची आणि तिथूनच "काय गं बाई तरी" म्हणून परत जायची. ओकारीचं भांडं धुवायची सावनी. बर्फाची पिशवी बदलायची सावनी.

मग एका डॉक्टरीणबाईंनी महिन्यातून एकदा मांडीत घ्यायचं नवं इंजेक्शन सुरू केलं, आणि काय आश्चर्य, लागू पडलं! महिना गेला, दोन गेले. डोकं दुखायचं, पण अधूनमधून, चार लोकांचं दुखतं तसं. देवयानी भर उन्हात बागेत बसून पुस्तक वाचायला लागली. सावनीनं किती वर्षांनी घरात लसणाची फोडणी दिली आणि तो वास घेत दोघी स्वयंपाकघरात खुळ्यासारख्या हसत बसल्या.

त्याच उन्हाळ्यात आई आली. देवयानीनं तिला एअरपोर्टवरून आणताना गाडीतच सांगितलं, "आई, मी बरी झाले. आता गणपतीला सगळे भेटतील. तू म्हणाली होतीस."

"बघू," आई म्हणाली. "दृष्ट लागते गं असं बोललं की."

मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी. ढोल-ताशा वाजत होता, अत्तरांचा घमघमाट होता, एरवी देवयानी दारातूनच परत फिरली असती. त्या दिवशी ती मोतिया रंगाची साडी नेसून, दोन उकडीचे मोदक तुपासकट खाऊन, मजेत बसली होती. शेजारी आई. सावनी पाणी आणायला गेलेली.

तेवढ्यात मृणालिनीकाकू आल्या. चाळीस वर्षं डब्लिनमध्ये काढलेल्या, मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी ऐकलं की ते सगळ्यांनी ऐकलंच म्हणून समजा. "अगंबाई, देवयानी! किती टवटवीत दिसतेस! सुमित्राताई, बरी झाली की काय हो पोर? मग आता घ्या की मनावर. माझ्या बघण्यात आहे एक."

देवयानीनं आईकडे बघितलं. आई, बोल. आत्ता बोल.

"कुठलं हो बरं," आई म्हणाली. "वरून दिसतं तेवढंच. उलट वाढलंय. आत्ताही ठणकतंय बघा, पण बोलायची नाही ती. जा गं, गाडीत जाऊन जरा पड."

आणि देवयानी उठली! मला याचाच राग येतो. ओरडायला हवं होतं, नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. डोकं ठणठणीत असलेली ती बाई कपाळाला हात लावून भर दुपारी हॉलमधून बाहेर गेली, आणि ढोलवाल्यांनीसुद्धा तिच्यासाठी क्षणभर हात थांबवला.

सावनी बर्फाची पिशवी घेऊन धावत आली. गाडीच्या मागच्या सीटवर देवयानी बसली होती.

"कुठली बाजू? डावी?"

"कुठलीच नाही."

सावनीनं हॉलच्या दाराकडे बघितलं. मग तिला कळलं. ती पिशवी तिनं पार्किंगमध्ये भिरकावून दिली आणि पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसली. "तुझ्या डोक्याला मी जन्मभर बर्फ लावीन देवू," ती म्हणाली. "पण तुझ्या आईच्या अब्रूला नाही लावणार."

मागचं दार उघडून आई आत येऊन बसली. हातात फॉइलमध्ये बांधलेले मोदक. ते तिनं खाली ठेवले आणि लेकीचं डोकं मांडीवर ओढून दाबायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिचा हात मऊ होता.

"आई, माझं डोकं दुखत नाहीये."

"माहितीये गं मला," आई म्हणाली. "पण दाबू दे. मृणालिनीताई दारात उभ्या राहून बघतायत."

देवयानीनं तो हात बाजूला केला. ती गाडीतून उतरली, सगळ्यांच्या देखत पुढचं दार उघडून सावनीच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घेतला, त्याचं चुंबन घेतलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दारात मृणालिनीकाकूंबरोबर आणखी चारपाच जणी उभ्या होत्या. बघा म्हणावं. घ्या बघून एकदाचं. आई मागे पदर तोंडाला लावून बसली होती. सावनीनं हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालिनीकाकूंचा फोन आला. आईनं घाबरून स्पीकरवर घेतला. देवयानी आणि सावनी चहाचे कप तसेच धरून ऐकत राहिल्या.

"सुमित्राताई, रात्रभर झोप नाही हो मला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. "काल पोरीला किती दुखत असेल! बसवेनासुद्धा तिला, त्या रूममेटच्या खांद्यावर पार कोसळलीच होती. आम्ही सगळ्या रडलो हो. जाऊ दे ते स्थळाचं. आधी बरी होऊ दे तिला."